दाराचे मॅग्नेटिक सेन्सर: खोटे अलार्म कसे थांबवायचे? मोठं चुंबक लावू का?

उंबरठा
तळमजल्याचं घर आणि शेजारी एक गाळा. चोर-अलार्मचं आठ झोनचं (झोन म्हणजे सेन्सरची एक लाइन) साधं वायर्ड पॅनेल आहे, दारा-खिडक्यांना रीड स्विचवाले (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट. अडचणी अशा:

मुख्य दार सागवानी. पाऊस लागला की दार बंद असूनही अधूनमधून झोन उघडा दाखवतो.
बाहेरचं सेफ्टी डोअर लोखंडी. खोक्यावर 20 मिमी लिहिलंय, इथे 8-9 मिमीच्या पुढे पकडतच नाही.
खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. खिडकी अर्धवट उघडी असताना मध्येच 'बंद' दाखवतात.
गाळ्याला रोलिंग शटर. वारा सुटला की सायरन.

सगळीकडे मूळ चुंबकं काढून 20×10×5 मिमीची एन52 निओडिमियम (जास्त जोराची) लावावीत असा विचार आहे. चालेल का? आणि कोणी बाहेरून चुंबक लावून सेन्सर फसवू शकतो का?

गॅलरीवाला
आमच्याकडे सायरन वाजला की शेजारी आपली खिडकी लावून घेतात आणि परत झोपतात. सेन्सर सुधारायचा की शेजारी, ते आधी ठरवा.

टेस्टर
मोठं चुंबक नको. कारण सांगतो.

रीड स्विच ज्या अंतरावर जुळतो त्याच अंतरावर सुटत नाही, सुटायला जास्त अंतर लागतं. साधा कॉन्टॅक्ट समजा 18 मिमीवर जुळला तर 23-25 वर सुटतो. तिथे एन52चा ठोकळा लावलात तर जुळणं 45-50 मिमीवर जाईल आणि सुटणं 60च्या पुढे. म्हणजे दार सहा सेंटीमीटर उघडलं तरी पॅनेल म्हणणार बंद आहे. एवढ्या फटीतून हात आत घालून साखळी काढता येते. खोटे अलार्म थांबतील, पण खरेही थांबतील.

आधी मोजा. झोनच्या दोन्ही तारा पॅनेलमधून सोडवा, मल्टिमीटर बझरवर ठेवा. लाइनच्या टोकाला रेझिस्टर असेल तर बझर वाजणार नाही, मग ओहमच्या रेंजवर आकडा बघा. दार अगदी हळू लावत आणा, बीप आली की चौकटीवर पेन्सिलची खूण. मग हळू उघडा, बीप गेली की दुसरी खूण. दार पूर्ण बंद असताना दोन तुकड्यांमधली फट हा तिसरा आकडा.

बंद फट ही जुळण्याच्या अंतराच्या निम्मी किंवा कमी हवी. सुटण्याचं अंतर 30 मिमीच्या आत हवं. हे दोन जमले की चुंबक कुठल्या जातीचं आहे याने फरक पडत नाही.

सोल्डरमामा
टेस्टरना +1. त्यात एक भर: सेन्सर दाराच्या कुठल्या बाजूला आहे? बिजागरीच्या बाजूला लावलेले खूप दिसतात, कारण वायर तिकडून आणायला सोपी पडते. हिशोब करा. दार 900 मिमी रुंद, सेन्सर बिजागरीपासून 150 मिमीवर, सुटायला 25 मिमी लागतात. तेवढं अंतर पडेपर्यंत कडीच्या बाजूने दार 150 मिमी उघडलेलं असतं. लहान मूल आत येईल.

कडीच्या बाजूला, वरच्या चौकटीवर, कोपऱ्यापासून 5 ते 10 सेंमीवर. दुसरी जागा शोधू नका.

कातळ
सागवानी दाराबद्दल. पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दार चौकटीत अडकतं, वरचा कोपरा 4-6 मिमी बाहेर राहतो आणि आपण कडी ओढून घेतो म्हणून ते बंद वाटतं. तुमचा सेन्सर खोटं बोलत नाहीये, दार खरंच पूर्ण बसलेलं नाही.

दाराची वरची आणि खालची कड बघा. सुतार पुढून-मागून पॉलिश मारतो आणि या दोन कडा कोऱ्या सोडतो. ओल सगळ्यात जास्त तिथूनच शिरते, कारण तिथे तंतूंची टोकं उघडी असतात. दार उतरवून दोन्ही कडांना पीयू किंवा मेलामाइनचे दोन-तीन हात द्या, पण उन्हाळ्यात, लाकूड वाळलेलं असताना. भर पावसात रंधा मारून घेऊ नका. मार्चमध्ये बोटभर फट पडेल आणि तेव्हा सेन्सर दुसऱ्या बाजूने त्रास देईल.

आणि ती फोमची डबल टेप काढून टाका. दमट हवेत टेप सरकते आणि चुंबक दर आठवड्याला मिलिमीटरभर खाली येतं. दोन स्क्रू मारा, एसएस 304 चे किंवा पितळी. साधा लोखंडी स्क्रू समुद्राजवळ दोन पावसाळ्यांत गंजून सुजतो आणि प्लॅस्टिकचा कान फोडतो.

पेठकर
सिलिकॉन लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुकताना ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि डबीतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडतात. ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं बघून घ्या. दुकानदार म्हणेल सगळं एकच. नाही.

निओनाना
टेस्टर, सरसकट निओडिमियमला नाव ठेवू नका. सेफ्टी डोअरला छोटी 10×3 मिमीची चकती उत्तम चालते. मूळ फेराइटचा तुकडा लोखंडावर निकामीच होतो.

टेस्टर
नाना, चकती चालते, मान्य. फक्त लावून मोजायची, अंदाजाने नाही. पण लोखंडावर आधी करायची गोष्ट वेगळीच आहे.

चुंबकाच्या एका टोकातून निघालेलं क्षेत्र दुसऱ्या टोकाकडे परत जाताना वाटेत लोखंड मिळालं की त्यातूनच जातं. रीडपर्यंत पोचतं ते उरलेलं. खोक्यावरचं 20 मिमी हे लाकूड-प्लॅस्टिकवरचं असतं. लोखंडावर ते निम्म्यावर येणं अगदी सर्वसाधारण आहे. 8-9 मिमी म्हणजे सेन्सर ठणठणीत आहे.

उपाय: चुंबक आणि रीड, दोघांच्याही खाली 6 ते 10 मिमी जाडीचा ॲक्रिलिक, नायलॉन किंवा लाकडाचा पॅकिंग तुकडा. एकाखालीच ठेवून भागत नाही, कारण चौकटही लोखंडीच आहे. शिवाय एकाच बाजूला ठेवला तर दोघांची पातळी बदलते. स्क्रू तेवढ्या हिशोबाने लांब घ्या. तरी कमी पडलं तर लोखंडी दारांसाठी बनवलेला रुंद फटीचा कॉन्टॅक्ट मिळतो, त्यात चुंबक मोठं असतं आणि खाली स्पेसर दिलेला असतो.

वऱ्हाडी
नागपूर-अकोल्याकडे अजून एक गंमत होते. पश्चिमेकडचं लोखंडी दार, सेन्सर दिवसभर बरा आणि मे महिन्यात दुपारी तीन-चारला झोन उघडा. फेराइट चुंबक दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.2 टक्के जोर गमावतं. 40 अंशांनी तापलं की 8 टक्के गेले. थंड झालं की परत येतात, म्हणून संध्याकाळी तपासायला आलेल्या माणसाला काहीच सापडत नाही. फट निम्म्यावर ठेवा या नियमाचा अर्थ हाच, की हे 8 टक्के त्यात पचतात.

निओडिमियमचं घसरणं अंशाला 0.12 टक्क्यांच्या आसपास, पण साध्या एन मालिकेची मर्यादा 80 अंश. त्यावर गेलं की जोर कायमचा कमी होतो. आणि निकेलचा मुलामा उडाला तर भुगा होतो.

शटरबंद
शटरला घरगुती कॉन्टॅक्ट लावलेला असेल तर तो कायमचा काढा. शटरसाठी जमिनीवर बसणारा ॲल्युमिनियम बॉडीचा कॉन्टॅक्ट वेगळा येतो, 50 मिमी किंवा जास्त फटीचा, आणि त्याची वायर लवचिक स्टीलच्या नळीतून येते.

जागा महत्त्वाची. बहुतेक लोक मधोमध लावतात, कारण मधोमध छान दिसतं. वाऱ्याने शटर सगळ्यात जास्त फुगतं तेही मधोमधच. गाइड चॅनेलपासून 15 ते 20 सेंमीवर लावा, तिथे पट्ट्या जेमतेम 8-10 मिमी हलतात. चुंबक खालच्या अँगलपट्टीवर एल ब्रॅकेट घालून, पट्टीपासून 10 मिमी तरी लांब.

जमिनीवरच्या तुकड्याखाली 3-4 मिमीची प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर रोज लादी धुताना तो पाण्यात बसणार. जॉइंट खाली करू नका. नळी भिंतीवर 30-40 सेंमी वर नेऊन तिथे डबीत जॉइंट. आणि शटर दोन्ही बाजूंनी कुलपात असेल याची खात्री करा. एकाच बाजूचं कुलूप असलं की दुसरी बाजू वर उचलली जाते, आणि वारा नसतानाही.

गॅलरीवाला
वारा नसताना शटरची एक बाजू उचलली गेली तर तो खोटा अलार्म नसतो हो.

शटरबंद
:) बरोबर. तेव्हा सेन्सर त्याच बाजूला असलेला बरा.

बिटबाबू
वाऱ्याचा काही भाग सॉफ्टवेअरमध्ये मरतो. रीडची स्वतःची थरथर एक मिलिसेकंदाच्या आत संपते, पण दाराची, शटरची थरथर 50 ते 200 मिलिसेकंद चालते. झोनचा प्रतिसाद वेळ 300 ते 500 मिलिसेकंदांवर ठेवा, बऱ्याच पॅनेलांत ही सेटिंग असते. दार उघडून आत शिरायला माणसाला यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे गमावण्यासारखं काही नाही.

ईएसपी (वायफाय असलेली छोटी चिप) वापरून स्वतः पॅनेल बनवणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात.

ईएसपी8266 वर जीपीआयओ (चिपच्या पिना) 0, 2 आणि 15 ला दाराचा सेन्सर जोडू नका. जीपीआयओ 0 सुरू होताना ग्राउंडला (शून्य व्होल्टला) जोडलेली असेल तर चिप प्रोग्रॅम घेण्याच्या मोडमध्ये जाते. दार बंद, रीड जुळलेला, तेवढ्यात वीज जाऊन आली: पॅनेल मेलं. दार उघडं असताना तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आतल्या पुल-अपवर (पिन वरच्या व्होल्टला धरून ठेवणारा रेझिस्टर) विसंबू नका. तो 45 किलोओहमच्या आसपास असतो. 20 मीटर वायर लावली की शेजारचा इन्व्हर्टर, ट्यूबचा चोक सगळं त्यात ऐकू येतं. बाहेरून 4.7 किलोओहम, पिनजवळ 100 नॅनोफॅरड आणि पिनच्या मालिकेत 1 किलोओहम. ईएसपी32 च्या 34 ते 39 या पिनांना आत पुल-अप नाहीच.

बॅटरीवर असेल तर उलट हिशोब. दार बहुतेक वेळ बंद, म्हणजे रीड जुळलेला, म्हणजे पुल-अपमधून प्रवाह सतत. 3.3 व्होल्टला 45 किलोओहममधून 73 मायक्रोअँपिअर जातात. 1 मेगओहम लावला तर 3.3 मायक्रोअँपिअर. 220 मिलिअँपिअर-तासांचा सेल पहिल्यात चार महिन्यांत संपतो. दुसऱ्यात कागदावर सात वर्षं, म्हणजे हा खर्च विसरलात तरी चालेल.

जिज्ञासू_78
अवांतर: रीड म्हणजे नक्की काय असतं आत?

सोल्डरमामा
काचेच्या बारीक नळीत निकेल-लोहाच्या दोन पात्या, टोकांना ऱ्होडियम किंवा रुथेनियमचा मुलामा, आत बहुधा नायट्रोजन. चुंबक जवळ आलं की पात्या एकमेकींना ओढतात. बेल लॅब्जच्या वॉल्टर एलवूड यांनी 1936 मध्ये शोधला, पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये भरपूर वापरला गेला. हवाबंद असल्याने धूळ, ओल, खारी हवा आत जात नाही. कॉन्टॅक्ट खराब झाला म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा काच फुटलेली असते किंवा बाहेरचा जॉइंट गेलेला असतो.

सुटा रीड घेऊन स्वतः बसवणाऱ्यांसाठी: तार वाकवताना काचेजवळ नोज प्लायरने धरा आणि प्लायरच्या पलीकडे वाकवा. थेट वाकवली की काचेला केसाएवढा तडा जातो, तो दिसत नाही आणि महिन्याभराने त्रास सुरू होतो. तारा फार आखूड कापू नका, त्याने रीडची संवेदनशीलता कमी होते. डबीत कडक अराल्डाइट ओतू नका, मऊ सिलिकॉन ठीक.

हूटर
मी म्हणतो पॅनेल कशाला? रीड, 12 व्होल्टची बॅटरी, हूटर. संपलं.

सोल्डरमामा
संपलंच! छोट्या रीडची क्षमता साधारण 10 वॉट आणि अर्धा अँपिअर. हूटर चालू होताना त्याहून जास्त ओढतो, पात्या वितळून चिकटतात. चिकटलेला रीड म्हणजे कायमचं 'दार बंद'. शिवाय तुमच्या जोडणीत दार बंद असताना हूटर वाजेल, ते वेगळं.
मध्ये रिले घातला तरी त्याच्या कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड हवाच, नाहीतर कॉइलचा झटका तेच काम हळूहळू करतो.

पेठकर
वायरबद्दल कोणीच बोललं नाही. स्वस्त कॅट6 (नेटवर्क) केबलच्या बंडलात पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत करा. रोध दीडपटीच्या वर, पण खरी डोकेदुखी जॉइंटची: ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतो आणि स्क्रूखाली तार तुटते. साध्या 0.22 चौ. मिमी तांब्याच्या अलार्म वायरला मीटरला 0.08 ओहम धरा, 100 मीटर जाऊन-येऊन 16 ओहम. तुमच्या झोनवर 100 च्या वर आकडा आला तर वायर नाही, जॉइंट शोधा.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ अस्सल तांब्याची मिळते. 'कॉपर' एवढंच विचारू नका, 'पूर्ण कॉपर का' विचारा आणि ब्लेड खिशात ठेवा.

टेस्टर
आता फसवण्याचा प्रश्न. बाहेरून चुंबक लावून रीड जुळलेला ठेवता येतो का? येतो. पण 35-40 मिमी सागवानाच्या पलीकडून, सेन्सरची नेमकी जागा माहीत असताना, बरंच मोठं चुंबक लागेल. आपल्याकडचा चोर कडी-कोयंडा तोडून येतो. त्याहून जास्त धोका दिवसाढवळ्या गाळ्यात आलेल्या माणसाचा: अलार्म बंद असताना तो शटरच्या दोन तारा एकमेकींना जोडून जाऊ शकतो. रात्री शटर उघडा, पॅनेलला दार बंदच.

यावर उपाय म्हणजे लाइनच्या टोकाचे रेझिस्टर, आणि ते सेन्सरच्या डबीतच हवेत. बसवणारे ते पॅनेलमध्येच टर्मिनलवर लावून मोकळे होतात, कारण शिडी चढावी लागत नाही. तपासणी सोपी आहे. दार उघडं ठेवा, वायरच्या मध्यावर दोन्ही तारा जोडा. पॅनेलने झोन 'ठीक' दाखवला तर रेझिस्टर पॅनेलमध्ये आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. शॉर्ट किंवा टॅम्पर (छेडछाड) दाखवलं तर जागा बरोबर.

दोन रेझिस्टरची जोडणी: एक 4.7 किलोओहम रीडला समांतर, दुसरा 4.7 किलोओहम मालिकेत. दार बंद 4.7, दार उघडं 9.4, तार तुटली तर अनंत, तारा जोडल्या तर शून्य. पॅनेलचं मॅन्युअल बघून किंमत घ्या, काहींना 2.2 लागतो, काहींना 5.6.

आता चुंबकासाठी. त्याच डबीत किंवा शेजारी दुसरा रीड ठेवा, दाराच्या चुंबकापासून 70-80 मिमी लांब, म्हणजे एरवी तो सुटलेला राहील. तो दोन्ही तारांमध्ये सरळ आडवा जोडा. बाहेरून कोणी मोठं चुंबक आणलं की हाही जुळतो, लाइन शॉर्ट, टॅम्पर. तयार हवा असेल तर 'बॅलन्स्ड' प्रकारचा कॉन्टॅक्ट मिळतो, त्यात एकाहून जास्त रीड आत असतात आणि क्षेत्र कमी झालं तरी, जास्त झालं तरी तो उघडतो. किंमत बरीच जास्त. घराला लागत नाही, सराफाच्या दुकानाला लावावा.

बिटबाबू
हेच ईएसपी32 वर: 3.3 व्होल्टपासून 4.7 किलोओहम वर, खाली टेस्टरची लाइन. दार बंद 1.65 व्होल्ट, उघडं 2.2, तुटली 3.3, शॉर्ट 0. पिन 32 ते 39 मधली घ्या. बाकीच्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

निओनाना
एवढी वायर कोण ओढणार? बिनतारी लावा आणि सुटा.

बिटबाबू
नाना, कोणतं बिनतारी ते महत्त्वाचं. 433 मेगाहर्ट्झवाले स्वस्त सेन्सर, आत ईव्ही1527 जातीची चिप: 20 बिटांचा ठरलेला कोड, दर वेळी तोच. एकदा ऐकून पुन्हा पाठवता येतो. बरेचसे फक्त 'उघडलं' पाठवतात, 'बंद झालं' नाही. आणि 'मी जिवंत आहे' असा संदेश नसतो, म्हणजे सेल संपला तरी पॅनेलला पत्ता नाही. झिगबीचे (दुसरी बिनतारी पद्धत) त्या मानाने बरे, पण लोखंडी दाराला अगदी चिकटवले की रेंज घटते. रेडिओचा तुकडा चौकटीच्या बाजूच्या भिंतीवर, चुंबक दारावर.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली. मुख्य दार: जुळतं 17 वर, सुटतं 23 वर, बंद फट आज 15. सेफ्टी डोअरला ॲक्रिलिकचे 8 मिमीचे तुकडे घातले, आता 16 वर जुळतं. पण नवीच भानगड: सेफ्टी डोअर भिंतीपर्यंत पूर्ण उघडलं की झोन परत 'बंद' दाखवतो. अर्धं उघडं असताना बरोबर. खिडक्या अजून बाकी.

टेस्टर
मुख्य दार: 17 ला 15 म्हणजे दोन मिलिमीटरवर संसार चाललाय. चुंबकाखाली 7 मिमी पॅकिंग घालून फट 8 वर आणा. सुटण्याचं अंतर तेच 23 राहील, फक्त दार त्यासाठी आता 15 मिमी उघडावं लागेल. ते चांगलंच.

खिडक्या: रीड आणि चुंबक बहुधा खालच्या पट्टीवर आडवे लावलेत. चुंबक स्वतःच्या लांबीच्या दिशेने रीडसमोरून सरकलं की रीड मध्ये एकदा जुळतो आणि दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर पुन्हा जुळतो. 'अर्धवट उघडी पण बंद' ते हेच. दोन्ही तुकडे उभे करा: रीड बाजूच्या उभ्या चौकटीवर, चुंबक पल्ल्याच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे ते समोरासमोर येतील. ॲल्युमिनियमला स्पेसर लागत नाही.

कातळ
रात्री खिडकी थोडी उघडी ठेवायची असेल तर दुसरा रीड दुसऱ्या चुंबकासकट 80 मिमीच्या जागेवर, पहिल्या रीडला समांतर. दोनांपैकी एका जागी पल्ला असला की झोन ठीक. अलार्म लावण्याआधी पल्ला जागेवर आणा, मधल्या वाटेत झोन उघडतोच.

शटरबंद
आणि सेफ्टी डोअरची ती भानगड: मागच्या भिंतीवर चुंबकाचा डोअर स्टॉपर आहे का?

उंबरठा
आहे. वरच्या बाजूला, कोपऱ्यात. पण रीड चौकटीवर आहे ना, तो तिथपर्यंत कसा पोचेल?

सोल्डरमामा
वायर लोंबती ठेवून रीड दारावर आणि चुंबक चौकटीवर असं उलटं तर नाही लावलेलं?

उंबरठा
हो, आता नीट बघितलं, उलटंच आहे. बसवणाऱ्याने केलंय तसं.

सोल्डरमामा
मग झालं. रीड स्टॉपरजवळ जातो आणि त्याच्या चुंबकाने जुळतो. अदलाबदल करा: रीड चौकटीवर, चुंबक दारावर. दाराबरोबर वाकणारी वायर तशीही वर्ष-दोन वर्षांत आतून तुटते, बाहेरचं आवरण धड राहतं आणि मग तोच झोन कधी लागतो कधी नाही. आणि स्टॉपर दाराच्या खालच्या बाजूला नेऊन टाका.